आकडा खरा, गाडी खोटी

१

गाडीत काहीतरी खोटं आहे हे पहिल्यांदा कळलं ते एका दंतवैद्याला. यात नवल काही नाही. माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगतो, दाढ खरं ते सांगते, या एका भांडवलावर त्याचा दवाखाना उभा होता. लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी अशी ती स्पोर्ट्स गाडी न्यायला तो आला, दार उघडून आत वाकला आणि वाकलेलाच राहिला. अॅक्सिलरेटरच्या पट्टीवरचं रबर झिजून म्हाताऱ्याच्या दाढेसारखं गुळगुळीत झालं होतं. आणि मीटरवरचा आकडा अकरा हजार किलोमीटरच्या आत होता.

अकरा हजारांत दाढ अशी झिजत नाही, एवढंच तो म्हणाला आणि आपल्या ओळखीचा मिस्त्री बोलावून घेतला. मिस्त्रीने प्लग काढले, ते कोळशासारखे निघाले. ऑइल बोटावर घेतलं, ते डांबरासारखं. इंजिनाचा दाब मोजला, तो बसलेला. गाडी वरून नवरी आणि आतून आजीबाई होती.

विकणाऱ्याला सगळे मामा म्हणत. त्याचा भाचा त्याच्याच बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायचा आणि जाईल तिथे मामा-मामी करत हिंडायचा, त्यामुळे पेपरवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचे ते मामा-मामी झाले होते. मामा दूरच्या गावी एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. गेली दोन वर्षं तो महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी घरी येई. गाडी त्याने तरुणपणी नवी घेतलेली. चालवली कमी, पुसली जास्त. आता कंबर धरू लागली, इतक्या खाली बसून उठता येईना, म्हणून काढली विकायला.

"मला मामा बनवलंत," दंतवैद्य म्हणाला. समोर उभा असलेला माणूस नावानेच मामा असल्यामुळे कोणी हसलं नाही. भाचा मात्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मामाने हात झटकले आणि बोट दाखवलं ते फोरमनकडे. हा फोरमन म्हणजे गावातला जुना गॅरेजवाला. पूर्वी कुठल्याशा कारखान्यात फोरमन होता, ते पद कारखाना बुडाला तरी त्याला चिकटून राहिलं. ही गाडी पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताखालची. जादा किल्ली त्याच्याच गॅरेजात खिळ्याला टांगलेली. आणि विक्रीच्या वेळी बॉनेटवर हात ठेवून, इंजिन न उघडता, आकडा खरा आहे असा शब्दही त्यानेच दिलेला. त्या शब्दावर दंतवैद्य राजी झाला होता.

जुन्या गाड्यांच्या बाजारात लबाडीला तोटा नाही. पुरात बुडालेली गाडी धुऊन विकतात, अपघातात गेलेल्या दोन गाड्यांचे दोन अर्धे जोडून एक विकतात, आणि विकणारे देवासारखे हसतात. पण मीटरला हात लावताना जो गॅरेजवाला सापडला, त्याच्याकडे पुन्हा कोणी सायकलसुद्धा टाकत नाही. पाप मोठं म्हणून नव्हे. सगळेच करतात आणि एकाला बळी द्यायला बरं पडतं म्हणून. दंतवैद्याने सांगून टाकलं की पंचबाईंना बोलावू. त्या संध्याकाळपर्यंत जे सांगतील ते मला मान्य. आकडा फिरवलाय म्हणाल्या तर मी इथून सरळ पोलिसांकडे.

म्हणजे फोरमनचं गॅरेज राहतं की जातं, हे एका बाईच्या शब्दावर येऊन ठेपलं.

पंचबाई दुपारी आल्या. पूर्वी त्या विमा कंपनीत अपघातांचे पंचनामे करायच्या. साहेबांना हवं ते न लिहिता दिसेल ते लिहिण्याची खोड होती, म्हणून तिथून निघाल्या आणि जुन्या गाड्या पारखू लागल्या. कोणाशी गोड बोलायच्या नाहीत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, गुडघे टेकून खालून पाहिलं, आत बसल्या, बाहेर आल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "ही एक गाडी नाही. या दोन आहेत."

फोरमनचा चेहरा पांढरा पडला.

२

दोन गाड्या जोडून एक केली, असा सगळ्यांनी त्याचा अर्थ घेतला. पंचबाईंनी घेऊ दिला. घाबरलेला माणूस काय करतो ते त्यांना पाहायचं होतं. फोरमनने काही केलं नाही, नुसता उभा राहिला. मामाने ताबडतोब सांगितलं की मला आधीपासून संशय होताच.

मग त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. टायर पाहा: कारखान्यातून आले तेच, रबर वयाने टणक झालंय, पण नक्षी शाबूत आहे. ब्रेकच्या तबकड्या पाहा: चाललेल्या गाडीच्या तबकडीला झिजून कड येते, इथे बोटाला कड लागत नाही, उलट गंज आहे. बॉनेटची पुढची धार पाहा: रस्ता पाहिलेल्या गाडीला तिथे खड्यांचे बारीक व्रण असतात, देवीच्या व्रणांसारखे. इथे एक नाही. ब्रेकच्या आणि क्लचच्या पट्टीवरचं रबर कोरं आहे. ही झाली एक गाडी. ती अकरा हजारांचीच आहे, कदाचित थोडी कमीच.

आता दुसरी. अॅक्सिलरेटरचं रबर गेलं. सीटची पुढची कड दबली; मागची पाठ मात्र फुगलेली, कोणी टेकलंच नाही असं वाटावं. स्टिअरिंगच्या कातड्यावर खालच्या बाजूला नखांच्या अर्धचंद्रासारख्या खुणा, एकावर एक. इंजिन तर सगळ्यांनी पाहिलंच. या गाडीचं वय पहिलीच्या चौपट आहे.

"आणि मीटर?" दंतवैद्याने विचारलं.

पंचबाईंनी काच साफ केली आणि त्याला वाकून बघायला लावलं. जुन्या तऱ्हेचं, आकड्यांच्या चाकांचं मीटर होतं. ज्याने चाकं हाताने मागे फिरवली त्याला ती पुन्हा एका रेषेत आणता येत नाहीत. एखादा आकडा तरी दात पुढे आल्यासारखा बाहेर राहतो. दंतवैद्याला ही भाषा लगेच कळली. इथे ओळ सरळ होती. मागचे स्क्रूही कधी उघडलेले नव्हते, त्यांच्या खाचेत कारखान्याचा रंग तसाच होता.

मीटर खरं होतं.

फोरमनने श्वास सोडला, पण तो त्याला पुरला नाही. कारण मामाचं डोकं वाईट बाबतीत चपळ होतं. तो म्हणाला, मीटर खरं आहे ना, मग तर सरळच आहे. मीटर चाकं मोजतं, इंजिन मोजत नाही. याच्याकडे किल्ली आहे, गॅरेज आहे, इंजिन उचलायचा साखळीचा घोडा आहे. मी गावाला. याने इंजिन उतरवलं, दुसऱ्या गाडीत घालून शर्यतीला पळवलं, जीव काढला आणि परत आणून बसवलं. चोरीच झाली ही. मीटर फिरवण्यापेक्षा मोठी.

दंतवैद्याने फोरमनकडे पाहिलं. मघापर्यंत तो फसवा म्हणून पाहत होता, आता चोर म्हणून.

"संध्याकाळ व्हायची आहे अजून," पंचबाई म्हणाल्या. "मला घरातल्या माणसांशी बोलायचंय. एकेकाशी."

३

भाचा आधी आला, कारण त्याच्यावर संशय येणार हे त्यालाच सर्वांत आधी कळलं होतं. वेगाचं वेड असलेला, मोटरसायकलवरून पडून दोनदा हाड मोडलेला. त्याने शपथेवर सांगितलं की या गाडीला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मामा नाक्यावर सोडायला सांगितलं तरी नाही म्हणायचा. कोणाच्या चपलेची माती आत येईल म्हणून. एकदा तो नुसता बसला होता आत, तर मामाने फोनवरून अर्धा तास झोडपलं. कोणी चुगली केली ते कळलं नाही, पण आतल्या खोलीतल्या आजीचे कान फार तिखट आहेत. पंचबाईंनी त्याचे हात मागितले. नखं कुरतडून मांसापर्यंत नेलेली होती. त्यांनी हात परत केला. गाडी कोण चालवायचं, असं विचारल्यावर तो म्हणाला, कोणीच नाही, मी दिवसभर कामावर असतो, पण संध्याकाळी आलो की ती तिथेच असायची, तशीच, इंचभरसुद्धा हललेली नाही.

मामाने आपली बाजू उभ्यानेच मांडली. दोन वर्षांत त्याने गाडी बाहेर काढली ती बोटावर मोजण्याइतक्या वेळा. इंजिन थोडं जड लागत होतं, पण पडून राहिलेली गाडी जड लागतेच. त्याची किल्ली कुठे असते? घरात, टांगलेली. घरात कोण असतं? आई आणि बायको. त्यांचा काय संबंध? आई अंथरुणाला खिळलेली, आणि हिला साधा मिक्सर लावायचा तरी हात कापतो. हे सांगताना तो हसला. असल्या हसण्याला उत्तर देत बसलं तर आयुष्य त्यातच जातं हे पंचबाईंना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी फोरमनला बोलावलं.

फोरमनने मात्र काहीच लपवलं नाही. त्याने सांगितलं की दोन वर्षांत त्याला गाडीला हात लावायला बोलावलंच नाही. मामा म्हणाला होता, पडूनच आहे, कशाला उगाच. इंजिन न उघडता शब्द दिला ही आपली चूक. आपण माणसावर विश्वास ठेवला, प्लगवर ठेवायला हवा होता.

"इंजिन उतरवलंस का कधी?"

"बाई, खालचे बोल्ट बघा. एकदा उघडला बोल्ट तर त्याच्या माथ्यावरचा रंग तुटतो. तुम्ही मघाशी खाली गेलात तेव्हा बघितले असतील."

पंचबाईंनी पाहिले होते. रंग अखंड होता. इंजिन जिथे बसवलं होतं तिथून ते कधीच हललं नव्हतं. म्हणजे आता असं झालं: गाडी कुठे गेली नाही, इंजिनही कुठे गेलं नाही, आणि तरी इंजिन मरायला टेकलं. मामाची गोष्ट पडली, पण तिच्या जागी दुसरी उभी राहीपर्यंत लोक पडलेलीच धरून बसतात. फोरमनला सोडवायचं तर नुसतं 'याने नाही' म्हणून भागणार नव्हतं.

मामी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिलाही विचारलं. लहानखुरी बाई, खांद्याइतका दरवाजाही तिला उंच वाटावा अशी. आवाज बसलेला, घोगरा; बोलताना हात गळ्याकडे जायचा. भाचा मध्येच म्हणाला की मामीचा घसा कायमचाच असा आहे, सकाळी बरा असतो, दुपारनंतर बसतो.

"गाडी कोण चालवायचं, माहीत आहे का?"

"कोणी नाही," मामी म्हणाली. "मला तर येतच नाही. शिकवा म्हटलं होतं एकदा."

"मग?"

"मग काही नाही." तिने कप गोळा केले. एकही शब्द खोटा नव्हता, आणि पंचबाईंना तेच खटकलं. खोटं बोलणारा माणूस जास्त सांगतो, खरं बोलणारा वैतागतो. ही जणू शब्द तोलून, बरोबर तेवढाच देत होती.

आतल्या खोलीतून म्हातारीने हाक मारली. मला कोणी विचारतच नाही, असं ती म्हणत होती.

४

मामाने सांगून ठेवलं की आईचं काही मनावर घेऊ नका, ती काहीही बडबडते. म्हणून पंचबाई मुद्दाम जाऊन बसल्या. ज्याचं ऐकू नका असं घरातला कर्ता सांगतो, त्याचं आधी ऐकावं.

म्हातारी खिडकीशी पलंगावर होती. डोळ्यांनी अधू, पण कान असे की पंचबाईंच्या चपलेचा एक अंगठा सैल आहे हे तिने न पाहता सांगितलं. गाडीबद्दल विचारताच ती खुलली. म्हणाली, माझा लेक रोज येतो.

मामा तर महिन्याकाठी येतो, असं पंचबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, कधी येतो?

"दुपारी. सुनेनं मला जेवू घातलं, पडदा ओढला की थोड्या वेळानं. गाडी चालू होते. तिचा आवाज मी हजारात ओळखीन. मध्येच डरकाळी फोडते, परत खाली येते, परत फोडते. मग बंद."

"मग तुम्हाला भेटायला येतो?"

"नाही येत. दारापर्यंत येतो, आत येत नाही. मोठा साहेब झालाय. मी सुनेला विचारते, आला होता ना गं? ती हो म्हणते."

लोक याला भ्रम म्हणून सोडून देत होते. पंचबाईंनी पलंगाच्या कडेला हात टेकला आणि आयुष्यभर त्यांनी गाड्यांबद्दल विचारला नव्हता असा एक प्रश्न विचारला.

"आजी, गाडी येते तेव्हा आवाज लांबून जवळ येतो का? आणि जाताना जवळून लांब?"

म्हातारीने डोकं हलवलं. मग जणू तिलाही ते पहिल्यांदाच ऐकू आलं तसा तिचा चेहरा झाला.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "तिथल्या तिथे."

५

गाडीचा ठिकाणा म्हणजे बंगल्याच्या बाजूला एक पत्र्याची शेड, पुढे शटर, मागे भिंत आणि तिच्या वरच्या अर्ध्यात जाळी. शेडमधून गाडी सकाळीच अंगणात काढली होती, त्यामुळे रिकाम्या जागेकडे कोणी पाहिलं नव्हतं. पंचबाईंनी पाहिलं. मागच्या भिंतीवर, गुडघ्याच्याही खाली, दोन काळे गोल होते. गाडी उलटी लावली की तिच्या सायलेन्सरची दोन तोंडं जिथे येतील, बरोबर तिथे. बोट लावलं तर काजळी जाड, थरावर थर. कधीमधी दोन मिनिटं सुरू केलेल्या गाडीची नव्हे ती.

मग पेट्रोल. इतका वेळ इंजिन फुरफुरलं तर ते प्यायलं काय? शेडच्या कोपऱ्यात जनरेटर होता आणि त्याच्याशेजारी पेट्रोलचे रिकामे कॅन, एकात एक बसवून ठेवलेले. जनरेटर सुरू करायच्या दोरीवर कोळ्याने घर केलं होतं, आणि कोळी आत होता. म्हणजे घरात जनरेटरसाठी पेट्रोल येत होतं आणि जनरेटर पीत नव्हता.

अंगणात येऊन त्या पुन्हा गाडीत बसल्या. सीट मागे सरकवलेली होती, मामाच्या मापाने. सीट ज्यावर सरकते त्या खालच्या पट्टीवर त्यांनी बोट फिरवलं. पट्टीच्या पुढच्या टोकाचं वंगण पुसून लोखंड चकचकीत झालं होतं. दोन वर्षं सीट तिथे होती, अगदी पुढे, आखूड पायांच्या माणसाच्या मापाने. दाराच्या कप्प्यात घशाच्या गोळ्यांचे कागद, घडी घालून ठेवलेले. आणि समोरची काच, बाहेरून आरशासारखी, आतून मात्र बारीक ठिपक्यांनी भरलेली. स्टिअरिंगच्या वर, एका बुटक्या माणसाच्या तोंडासमोर.

पंचबाई बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत बसल्या. सर्दी झालेला माणूस रोज त्याच ठिकाणी जाऊन शिंकत नाही.

स्वयंपाकघरात मामी भांडी पुसत होती. पंचबाईंनी दार लोटून घेतलं.

"मी तुम्हाला चुकीचं विचारलं," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे विचारत बसलो, गाडी कोण चालवतं. ती चाललीच नाही. आता नीट विचारते. गाडी कोण चालू करायचं?"

मामीने हातातलं भांडं पुसून पूर्ण केलं.

"तसं कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी नोकरीच्या गावी जाताना मामाने सांगितलं होतं, गाडी चालू ठेव. त्याच्या भाषेत, चालत्या स्थितीत ठेव, धूळ पूस, हवा बघ. ती सगळी वाक्यं त्याने खर्ची घातली नाहीत. बायकोशी बोलताना तो अर्ध्यातच थांबायचा. मामीने पहिल्या दिवशी किल्ली फिरवली ती खरोखरच त्याची आज्ञा म्हणून. दुसऱ्या दिवशी काचा वर होत्या, इंजिन गुरगुरत होतं, आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला. तिने पाय दाबला. गाडी डरकाळली आणि शब्द त्यात बुडाला. कोणालाही ऐकू गेला नाही; पलंगावरच्या कानांनाही नाही.

"काय शब्द?"

"शिवी," मामी म्हणाली. "त्यांना."

त्यानंतर रोज. जेवढी शिवी मोठी तेवढा पाय खाली. लग्नापासूनचं सगळं क्रमाने काढायचं ठरवलं होतं तिने, आणि अजून थोरल्या मुलीच्या जन्मापर्यंतच पोचली होती. इंजिन उभ्या जागी झिजतं हे तिला माहीत नव्हतं. सकाळी फोरमनवर सगळे तुटून पडले तेव्हा कुठे तिला कळलं की हे आपलं काम. आणि तेव्हापासून ती चहा करत होती.

पंचबाईंनी तिच्यापुढे दोन्ही बाजू ठेवल्या, बाजारात ठेवतात तशा. न सांगितलं तर फोरमन जातो. सांगितलं तर एक सोपी वाट आहे. 'चालू ठेव म्हणालात म्हणून चालू ठेवली' एवढंच सांगायचं. ते हसतील, बावळट म्हणतील, प्रकरण मिटेल. बाकीचं मी कुठेही लिहिणार नाही, बोलणार नाही.

"बावळट," मामीने तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. मग पदराला हात पुसले आणि म्हणाली, चला.

६

अंगणात सगळे गाडीभोवती उभे होते, मयताला जमल्यासारखे. पंचबाईंनी उभ्या-उभ्या निकाल दिला. आकडा खरा. मीटरला कोणी हात लावला नाही. बोल्टवरचा रंग अखंड, म्हणजे इंजिन कधी उतरलं नाही. शर्यतीची गोष्ट कोणाच्या डोक्यातली असेल, गाडीतली नाही. गाडी अकरा हजारांच्या आत चालली. पण ती न चालता, शेडमध्ये, जागच्या जागी, रोज दुपारी तासभर चालू होती. भिंतीवर काजळी आहे, कॅन रिकामे आहेत, जनरेटरमध्ये कोळी आहे. किलोमीटर मोजणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही. आपण आकडा वाचतो आणि तेवढ्यात वाचन संपलं असं समजतो.

दंतवैद्याने मान हलवली. त्याच्या धंद्यात असे पेशंट होते. झोपेत दात खातात, जेवत नाहीत आणि दाढा मात्र झिजलेल्या.

"पण चालू ठेवली कोणी?" मामाने विचारलं. "किल्ली याच्याकडे. हाच येत असेल दुपारी, हिला कळू न देता—"

"मी," मामी म्हणाली.

मामा तिच्याकडे वळला. पंचबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी नजर मुद्दाम टायरवर ठेवली होती.

"तुम्हीच म्हणाला होता ना, चालू ठेव."

मामा हसू लागला. पोटापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता त्याने दंतवैद्याच्या खांद्यावर थाप मारली, म्हणाला, बघा डॉक्टर, हे असं आहे, चालू ठेव म्हणजे चालू करून ठेवली. दोन वर्षं! अगं, चालू ठेव म्हणजे नीट ठेव. बायकांना यंत्रातलं सांगूच नये. फोरमन, माफ कर रे बाबा, चोर घरातच निघाला आणि तोही बिनडोक. दंतवैद्यालाही हसू आवरलं नाही. भाचाही हसला. फोरमन हसला नाही, पण त्याचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले. त्याचं गॅरेज राहिलं होतं. दंतवैद्याने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि पोलिसांचं नाव काढलं याबद्दल दिलगिरी सांगितली.

इथे प्रकरण मिटत होतं. पंचबाईंनी पिशवी उचलली. मामीने आता फक्त मान खाली घालून आत जायचं बाकी होतं. ते तिला चांगलं येत होतं, आणि सगळ्यांनी तेवढी जागाही तिला करून दिली होती.

ती हलली नाही.

"मला कळत होतं," ती म्हणाली.

मामाचं हसू अजून पूर्ण संपलं नव्हतं. "काय कळत होतं?"

"चालू ठेव म्हणजे काय ते. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी कळलं. तरी चालू केली. मी आत बसून तुम्हाला शिव्या देत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून इंजिन लागायचं."

भाच्याने काचेकडे पाहिलं. दंतवैद्याने आतल्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि तो तज्ज्ञ असल्यामुळे त्याला ते काय आहे हे लगेच समजलं. मामा तिच्याकडे असा पाहत होता, जणू घरातलं कपाट बोलायला लागलं.

"शिव्या? मला? कसल्या शिव्या?"

गाडी बंद होती. किल्ली पंचबाईंच्या हातात होती. अंगणात कसलाही आवाज नव्हता आणि खिडकी उघडी होती.

मामीने सांगितल्या. पहिली अशी होती की सारं आयुष्य गॅरेजात गेलेल्या फोरमनने मान खाली घातली. दुसरी, तिसरी, मग नुसत्या शिव्या संपल्या आणि त्या कोणकोणत्या दिवशीच्या, कोणकोणत्या वाक्याच्या, कोणाकोणासमोरच्या होत्या ते सुरू झालं. तिचा आवाज घोगराच होता, चढत नव्हता, घाईतही नव्हता. मामाने एकदा अगं म्हटलं, एकदा लोकांसमोर म्हटलं, आणि दोन्ही वेळा ती थांबून, त्याचं म्हणून होईपर्यंत वाट पाहून, सोडलं होतं तिथून पुढे निघाली.

पुरुषांना पाहायला जागा उरली नाही. दंतवैद्याला निघायचं होतं, पण मधूनच निघणं बरं दिसेना.

पंचबाईंनी शेडमधली पत्र्याची खुर्ची ओढून घेतली, पिशवी पायाशी ठेवली आणि बसल्या. मामी अजून लग्नाच्या पहिल्याच वर्षात होती.